नवं तंत्रज्ञान, जुना कायदा आणि संचालक मंडळापर्यंत न पोचणारी वाईट बातमी

मुद्देसूद:

नव्या तंत्रज्ञानासाठी कायदा कसा हवा, ही चर्चा निघाली की दोन तट पडतात. एक म्हणतो, कायदा फार मागे राहिलाय, ताबडतोब नवा आणा. दुसरा म्हणतो, आत्ताच बंधनं घातलीत तर काही नवं जन्मालाच येणार नाही. मला दोघांनाही एकच विचारावंसं वाटतं: धोका सगळ्यात आधी कळतो कोणाला?

जवळजवळ प्रत्येक वेळी तो कंपनीच्या आतच कोणाला तरी आधी कळलेला असतो. चाचणी घेणाऱ्याला, तक्रारी वाचणाऱ्याला, एखाद्या अभियंत्याला. संचालक मंडळाला तो उशिरा कळतो, नियामकाला त्याहून उशिरा, आणि कायदेमंडळ जागं होईपर्यंत मथळे छापून झालेले असतात. म्हणून माझं म्हणणं असं, की कायद्याने यंत्राच्या व्याख्या करण्यात शक्ती घालवण्यापेक्षा ही बातमी खालून वर लवकर कशी येईल ते बघावं. कंपनीच्या कारभारालाही हीच कसोटी लावावी.

व्याख्यांच्या मागे धावलं की काय होतं ते बघा. ब्रिटनमध्ये १८६५ साली रस्त्यावरच्या वाफेच्या गाड्यांसाठी कायदा झाला. गावात ताशी २ मैल, गावाबाहेर ४ मैल, आणि गाडीच्या ६० यार्ड पुढे लाल निशाण घेतलेला माणूस. हे उदाहरण कायद्याचा अडाणीपणा म्हणून सांगितलं जातं, ते मला पटत नाही. तेव्हा रस्ते घोड्यांचे होते, यंत्रं अवजड होती, भीती खरी होती. पण कायदा त्या वेळच्या यंत्राला चिकटला. पुढे यंत्रं हलकी झाली, तरी वेगाची मर्यादा हलक्या गाड्यांसाठी १४ मैलांवर जायला १८९६ उजाडलं.

आजही तेच होतं. युरोपीय आयोगाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्याचा मसुदा एप्रिल २०२१ मध्ये मांडला. यंत्रणा कशासाठी वापरली जाते, त्यावरून धोक्याच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. एकच मॉडेल पत्र लिहितं, निदान सुचवतं, प्रोग्रामही लिहितं. त्याला कुठल्या पायरीवर बसवणार? अशा मॉडेलांसाठी मग वेगळं प्रकरण जोडावं लागलं आणि कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. मसुदा करणारी माणसं हुशार होती, तरी हे झालं.

तंत्रज्ञानावरच्या नियंत्रणाचे अभ्यासक डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी हा पेच १९८० मध्येच नेमका मांडला होता. तंत्र कोवळं असतं तेव्हा ते वळवता येतं, पण त्याचे परिणाम माहीत नसतात. परिणाम कळतात तेव्हा ते इतकं रुजलेलं असतं की वळवणं महाग पडतं. यातून पूर्ण सुटका नाही. पण माहिती लवकर हाती आली तर मधलं अंतर कमी होतं, आणि माझा सगळा भर त्यावर आहे.

केनियाचं उदाहरण मला फार आवडतं. २००७ मध्ये तिथे एम-पेसा सुरू झालं, मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय. त्यासाठी कायदाच नव्हता. केंद्रीय बँकेने बंदी घातली नाही आणि डोळेही मिटले नाहीत. हरकत नसल्याचं पत्र दिलं. ग्राहकांचे पैसे कंपनीच्या पैशांत मिसळायचे नाहीत, विश्वस्त खात्यात वेगळे राहतील, अशी व्यवस्था होती, आणि व्यवहारांवर बँकेची नजर होती. सविस्तर कायदा आणि नियम काही वर्षांनी आले, प्रत्यक्ष अनुभव गाठीशी बांधून.

उलट टोकाला बोइंग ७३७ मॅक्स. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणारी संगणकीय प्रणाली एकाच संवेदकाच्या वाचनावर कामाला लागत होती. तो संवेदक बिघडला की वैमानिकाला यंत्राशी झुंजावं लागे. इथे कायदा होता, प्रमाणपत्र होतं, नियामकही होता. मात्र प्रमाणपत्राच्या कामाचा मोठा भाग नियामकाने कंपनीच्याच अभियंत्यांकडे सोपवलेला होता. भागधारकांनी संचालकांवर दावा केला, तेव्हा २०२१ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या (बोइंगसारख्या अनेक मोठ्या कंपन्यांची नोंदणी तिथे आहे) न्यायालयाने तो फेटाळायला नकार दिला. आरोप असे होते: विमानाच्या सुरक्षिततेसाठी मंडळाची समिती नाही, सुरक्षितता हा बैठकीतला नियमित विषय नाही, आणि आतल्या माणसांच्या तक्रारी मंडळापर्यंत पोचायची वाट नाही. विमानं बनवणाऱ्या कंपनीबद्दल हे आरोप होते, हे लक्षात घ्या. प्रकरण पुढे २३.७५ कोटी डॉलरना मिटलं आणि सुरक्षिततेची समिती दुसऱ्या अपघातानंतर स्थापन झाली.

तुमचं मत सांगा. विशेषतः जे मंडळाच्या कामकाजाशी किंवा नियामकाशी संबंधित काम करतात त्यांचं.

---

न्यायमित्र:

लेख आवडला. डेलावेअरच्या निकालामागची परंपरा थोडक्यात सांगतो, कारण तुमचा मुद्दा तिथेच आहे.

१९९६ मध्ये केअरमार्क या आरोग्यसेवा कंपनीच्या प्रकरणात तिथल्या न्यायालयाने म्हटले की संचालकांनी माहिती वर येण्याची काहीतरी व्यवस्था केली पाहिजे. तशी व्यवस्था उभारण्याचा प्रामाणिक प्रयत्नच नसेल, तर ते निष्ठेच्या कर्तव्याचे उल्लंघन ठरू शकते. तरी पुढची अनेक वर्षे असे दावे सुरुवातीलाच फेटाळले जात. २०१९ मध्ये एका आइस्क्रीम कंपनीचे प्रकरण आले. जंतुसंसर्गाने तीन माणसे दगावली होती. कंपनी वरकरणी नियम पाळत होती, तपासण्या होत होत्या, पण मंडळाच्या पातळीवर अन्नसुरक्षेची माहिती येण्याची काहीच सोय नव्हती. डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा पुढे चालू दिला. जो धंदा एकाच वस्तूवर उभा आहे, त्या वस्तूची सुरक्षितता मंडळाने स्वतः पाहिली पाहिजे, असा त्याचा अर्थ.

या तत्त्वात तंत्रज्ञानाचे नावच नाही. आइस्क्रीम, विमान, उद्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल, सगळ्यांना ते लागू पडते. मला असे कायदे टिकाऊ वाटतात.

---

साशंक:

तत्त्व चांगलं आहे, पण उलटा परिणाम कोणी विचारात घेतलाय का? बातमी वर पोचली की ती कागदावर आली. कागद उद्या न्यायालयात पुरावा. मग कंपनीचे वकील अभियंत्यांना सांगणार, ईमेलमध्ये 'धोका' हा शब्द लिहू नका, फोन करा. मंडळही म्हणणार, आम्हाला तोंडी सांगा. माहिती पुरवण्याची सक्ती जितकी कडक, तितकी माहिती लेखी तयारच न करण्याची ओढ जास्त. मुद्देसूद, तुमच्या मांडणीत याला उत्तर दिसत नाही.

---

यंत्रवेडी:

साशंक यांचा मुद्दा खरा आहे, मी हे आतून बघते. दोष नोंदवण्याच्या प्रणालीत गंभीरपणाची पायरी एकने खाली आणली की तो दोष वरच्या बैठकीच्या यादीतून गायब होतो. कोणी खोटं बोलत नाही, कोणी दस्तऐवज जाळत नाही. फक्त प्रत्येक पायरीवर भाषा थोडी मऊ होते. 'हे चालत नाही' याचं 'काही मर्यादित परिस्थितीत सुधारणेला वाव' होतं, आणि मंडळापुढच्या सादरीकरणात तो हिरवा ठिपका असतो. हे मला खूप अस्वस्थ करतं, कारण खालच्या माणसाने आपलं काम केलेलं असतं.

आता वाट बाहेरच्या बाजूने तुटली की काय होतं ते. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा नियामकाने जून २०२१ मध्ये आदेश काढला, स्वयंचलित गाड्यांचे अपघात ठरलेल्या मुदतीत कळवा. गाडी कशी बनवा यावर आदेशात काही नाही, फक्त कळवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका पादचारी स्त्रीला आधी दुसऱ्या गाडीने उडवलं, ती क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीपुढे पडली, आणि गाडीने थांबल्यावर बाजूला होण्यासाठी पुन्हा हलताना तिला सुमारे २० फूट फरफटत नेलं. कंपनीने दिलेल्या अहवालात हे फरफटणं नव्हतं. परवाना त्याच महिन्यात निलंबित झाला. पुढे खोटा अहवाल दिल्याचं कंपनीने मान्य केलं आणि दंड भरला. डिसेंबर २०२४ मध्ये क्रूझची मालक कंपनी जनरल मोटर्सने चालकविरहित टॅक्सीचा तो कार्यक्रमच सोडून दिला.

अपघातापेक्षा न सांगणं महागात पडलं. कळवण्याचा आदेश आधीच होता म्हणून ते लपवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला, नाहीतर सगळं 'तांत्रिक चूक' म्हणून विरून गेलं असतं.

---

मुद्देसूद:

साशंक, उत्तर हवाई क्षेत्रातच आहे. १९७६ पासून अमेरिकेत वैमानिक, हवाई नियंत्रक, देखभालीचे कर्मचारी आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग एका यंत्रणेला कळवतात. ती यंत्रणा नासा चालवते, दंड करणारा नियामक नाही. नाव-गाव काढून टाकलं जातं. चूक जाणूनबुजून केलेली नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल आणि १० दिवसांत कळवलं असेल, तर नियामक दंड माफ करतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या नियमांतही अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच सांगितला आहे. दोष ठरवणं त्यात नाही.

म्हणजे वाटा दोन हव्यात. शिकण्यासाठीची माहिती एका वाटेने, तिला संरक्षण. शिक्षेची वाट वेगळी, आणि तिथे लपवणाऱ्याला चुकणाऱ्यापेक्षा जबर शिक्षा. आज बहुतेक नव्या क्षेत्रांत एकच वाट आहे आणि ती थेट वकिलाच्या टेबलावर जाते.

---

सभावृत्त:

मी कंपनी सचिवाचं काम करतो, त्यामुळे सिद्धांतापेक्षा बैठकीतलं सांगतो.

मंडळाच्या बैठकीआधी संचालकांकडे जो गठ्ठा जातो तो कोण तयार करतं? व्यवस्थापन. प्रश्न ज्याच्याबद्दल विचारायचे, उत्तरंही तोच लिहून देतो. स्वतंत्र संचालक कितीही सचोटीचा असला तरी त्याला बाहेरून दुसरा झरोका नसतो. पैशांच्या बाबतीत हे दुखणं आपण ओळखलं आणि औषध शोधलं. एन्रॉन कंपनीच्या हिशेब घोटाळ्यानंतर अमेरिकेने २००२ च्या कायद्याने लेखापरीक्षण समितीवर निनावी तक्रारी स्वीकारण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी टाकली. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यातही सूचीबद्ध कंपन्यांना दक्षता यंत्रणा ठेवावी लागते, आणि योग्य त्या प्रसंगी कर्मचाऱ्याला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षाकडे जाता येतं. अंतर्गत लेखापरीक्षक समितीला व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत भेटतो, ही प्रथाही आता रुळली आहे.

हेच सगळं तंत्रज्ञानाच्या धोक्याला लावा, एवढीच माझी मागणी आहे. सुरक्षिततेच्या प्रमुखाची नेमणूक, पगार आणि बडतर्फी मंडळाच्या संमतीशिवाय होऊ नये. त्याने वर्षातून ठरावीक वेळा स्वतंत्र संचालकांना एकट्याने भेटावं, मुख्य कार्यकारी अधिकारी खोलीबाहेर. आणि त्याचं टिपण मऊ न करता, त्याच्याच शब्दांत, इतिवृत्ताला जोडलं जावं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. यंत्रवेडी यांनी जी भाषेची घसरण सांगितली ती तिथे थांबते.

आणखी एक. मंडळावर नामवंत माणसं असली म्हणजे झालं, हा समज सोडायला हवा. थेरानोसच्या मंडळावर अमेरिकेचे दोन माजी परराष्ट्रमंत्री होते. कंपनी रक्ततपासणीची होती, आणि तिच्या यंत्राबद्दलचे दावे खोटे निघाले. यंत्र खरंच चालतं का, हे विचारू शकेल अशी वैद्यकीय प्रयोगशाळेतली जाणती माणसं मंडळाला हवी होती.

---

साशंक:

सभावृत्त यांचं पटतंय. तरी एक अवघड उदाहरण देतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या मंडळाकडे कागदावर सगळे अधिकार होते. ना-नफा संस्थेचं मंडळ, भागधारकांच्या नफ्याला बांधलेलं नाही, मानवजातीच्या हिताला बांधलेलं. १७ नोव्हेंबर २०२३ ला त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला काढलं, कारण काय दिलं तर ते मंडळाशी संवादात सातत्याने मोकळे नव्हते. म्हणजे तुमचीच कसोटी! काय झालं? बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी राजीनाम्याची धमकी दिली, मोठा गुंतवणूकदार त्यांना नोकऱ्या द्यायला तयार होता, आणि आठवड्याच्या आत तेच परत आले. मंडळातले बहुतेक जण गेले. अधिकार होता, माहितीची तक्रारही होती, तरी मंडळ हरलं. मग तुमची इतिवृत्तं आणि समित्या काय करणार?

---

न्यायमित्र:

या प्रसंगाचा मी वेगळा अर्थ लावतो. मंडळाने निर्णय घेतला, पण कारणांचा तपशील कोणालाही दिला नाही. कर्मचाऱ्यांना नाही, गुंतवणूकदारांना नाही, जनतेला नाही. ज्या मंडळाच्या पाठीशी बाहेरचा नियामक नाही, नोंदींचा ढिगारा नाही, पूर्वीच्या लेखी इशाऱ्यांची मालिका नाही, त्याचा शब्द एकाकी पडतो. अधिकार कागदावर असतो, पण वजन नोंदींनी येते.

नियामकालाही हेच लागू आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. अधिकार नाही म्हणून नव्हे. अधिकार आहे असेच न्यायालयाने मानले. पण बँकांसारख्या संस्थांचे या व्यवहारांमुळे काही नुकसान झाले, हे दाखवणारी सामग्री पुढे आली नव्हती, त्यामुळे उपाय प्रमाणाबाहेरचा ठरला. ज्याच्याकडे माहिती नाही त्याला मोठा सोटाच उगारावा लागतो, आणि तो न्यायालयात टिकत नाही.

सँडबॉक्सकडे मी याच नजरेने पाहतो. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने २०१६ मध्ये तो सुरू केला, नंतर अनेक देशांनी उचलला. मोजक्या ग्राहकांवर, ठरलेल्या मुदतीत, नियामकाच्या देखरेखीखाली प्रयोग. कंपन्या त्याकडे सवलत म्हणून बघतात. माझ्या मते त्याचे खरे मोल प्रयोगाची आकडेवारी नियामकाच्या हाती येण्यात आहे. ती आकडेवारी गोळा न करता फक्त नियम शिथिल केले, तर सँडबॉक्स कशाला म्हणायचे?

---

यंत्रवेडी:

थोडं अवांतर, पण जिथे कंपनीच नाही तिथे काय? आपोआप अमलात येणाऱ्या संगणकीय करारांवर चालणाऱ्या विकेंद्रित संघटना. संचालक नाहीत, नोंदणीकृत पत्ता नाही, ज्याच्याकडे जितकी डिजिटल नाणी (टोकन), तितकी त्याची मतं.

---

न्यायमित्र:

अवांतर मुळीच नाही. अमेरिकेच्या वायदेबाजार नियामकाने २०२२ मध्ये ऊकी डाओ नावाच्या अशाच संघटनेवर दावा केला. नोटीस बजावायची कोणाला, इथपासून प्रश्न. संकेतस्थळावरच्या मदतीच्या चॅटबॉटमधून आणि त्यांच्या ऑनलाइन चर्चापीठावर नोटीस टाकली, आणि न्यायालयाने ती ग्राह्य धरली. कोणी हजर झाले नाही. जून २०२३ मध्ये निकाल लागला: ही नोंदणी नसलेली संघटना आहे आणि तिच्यावर दावा चालतो. नवा कायदा न करता जुनीच कल्पना पुरली.

मात्र नोंदणी नसलेल्या संघटनेत सदस्यांना मर्यादित दायित्वाचे कवच नसते. ब्रिटनने १८५५ मध्ये हे कवच सर्वसाधारण कंपन्यांना दिले, पण नोंदणी आणि नावासोबत 'लिमिटेड' लावणे बंधनकारक केले. समोरच्याला आधीच इशारा मिळावा म्हणून. सवलत घ्या, बदल्यात माहिती उघड करा, हा सौदा तेव्हापासूनचा आहे. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याने २०२१ मध्ये विकेंद्रित संघटनांना नोंदणीचा मार्ग दिला, तोही याच धर्तीचा.

---

मुद्देसूद:

हा सौदा मी मूळ लेखात लिहायला हवा होता इतका तो माझ्या मुद्द्याला धरून आहे. संस्थापकांच्या जादा मताधिकाराचंही असंच. नव्या कल्पनेला बाजाराच्या तिमाही दडपणापासून जपायचं असेल तर ते समजण्यासारखं आहे. सेबीने २०१९ मध्ये अशा समभागांना वाट दिली, पण अशा एका समभागाला साध्या समभागाच्या जास्तीत जास्त दहापट मतं असं प्रमाण ठेवलं आणि सूचीबद्ध झाल्यावर पाच वर्षांची मुदत घातली, भागधारकांच्या संमतीने एकदा वाढवता येईल अशी. मुदत संपताना मालकाला पुन्हा भागधारकांपुढे उभं राहून सांगावं लागतं की अजून हे कवच का हवं. तंत्रज्ञानाच्या प्रत्येक कायद्यात अशी मुदत असावी असं मला मनापासून वाटतं. नूतनीकरणाच्या वेळी तोवरच्या अपघातांच्या नोंदी सभागृहासमोर ठेवणं सक्तीचं हवं.

---

साशंक:

बरं, मूळ दिशा मान्य. पण लहान कंपन्या? पाच माणसांची कंपनी सुरक्षिततेचा प्रमुख आणि समिती कुठून आणणार? मोठ्यांना हे नियम परवडतात, उलट आवडतात, कारण स्पर्धक बाहेर राहतात.

---

सभावृत्त:

समिती लहान कंपनीला नकोच. कळवण्याचं कर्तव्य मात्र सगळ्यांना असावं, कारण त्याला फारसा खर्च नाही. बाकीचा बोजा धोक्याच्या आकारावर ठरवावा. युरोपच्या कायद्यात मॉडेल शिकवायला लागलेल्या गणनेच्या प्रमाणावर एक उंबरठा आहे आणि त्याच्या वरच्यांना जादा कर्तव्यं आहेत. उंबरठा चुकू शकतो, म्हणून तो कायमचा कोरून न ठेवता आयोगाला बदलता येईल असा ठेवलाय, हे मला शहाणपणाचं वाटलं.

लहानांना खरा जाच वेगळाच आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. एकच घटना, पण घड्याळं वेगवेगळी. वैयक्तिक माहिती फुटली तर युरोपात नियामकाला ७२ तासांत कळवायचं. भारतात सायबर घटना ६ तासांत. अमेरिकेत सूचीबद्ध कंपनीने सायबर घटना महत्त्वाची आहे असं ठरवल्यापासून चार कामकाजाच्या दिवसांत जाहीर करायचं. प्रत्येकाचा नमुना निराळा, प्रश्न निराळे. ज्या रात्री अभियंत्यांनी यंत्रणा सावरायची, त्या रात्री ते अर्ज भरत बसतात.

---

यंत्रवेडी:

+१. आणि घाईत भरलेल्या अर्जात वकील सगळं धूसर लिहितात, म्हणजे नियामकालाही काही कळत नाही.

---

मुद्देसूद:

मग पहिला अहवाल अगदी छोटा असू दे. काय झालं, कधी कळलं, अजून चालू आहे का, कोणाला इजा झाली का. चार प्रश्न, सगळ्या नियामकांना एकच नमुना, आणि त्यात प्रामाणिकपणे 'अजून माहीत नाही' लिहिलं तर ते पुढे कंपनीविरुद्ध वापरता येणार नाही. सविस्तर अहवाल नंतर, मंडळाच्या सुरक्षा समितीच्या सहीने. सभावृत्त, तुमच्या अनुभवातून सांगा, मंडळ अशा सहीला तयार होईल का?

---

सभावृत्त:

पहिल्या वर्षी कुरकुर होईल. आर्थिक पत्रकांवर मुख्य अधिकाऱ्यांनी स्वतः सही करायची सक्ती आली तेव्हाही झाली होती. पण सही करायची म्हटल्यावर माणूस कागद वाचतो, आणि न समजलेल्या ओळीखाली बोट ठेवून विचारतो, हे कोणी लिहिलं, त्याला आत बोलवा.